ड्रिपमधून युरिया सोडला तर मुळांच्या गाठी जातील का?

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यातल्या एका भाऊंनी प्रश्न विचारला आहे. दीड एकर टोमॅटो, मल्चिंग पेपर, ड्रिप, सप्टेंबरच्या मध्यात लावण. आता पन्नास दिवस होत आले. वावराच्या उताराकडच्या अंगाला आठ-दहा ओळी मागे राहिल्या आहेत. झाडं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा उभी होतात. पाणी कमी नाही. एक झाड उपटून पाहिलं तर मुळ्या हळदीच्या कांड्यांसारख्या सुजलेल्या. कृषी केंद्रवाल्याने सांगितलं, ‘निमॅटोड आहे, एकरी दोन बॅग युरिया ड्रिपमधून एकदम सोड, अमोनिया तयार होतो आणि जमिनीतले सगळे किडे मरतात.’ भाऊंचं विचारणं असं, की युरिया सोडू की अमोनियम सल्फेट, किती सोडू, आणि पुन्हा किती दिवसांनी?

आधी उत्तर: उभ्या पिकात या कामासाठी एक किलोही सोडू नका. तरीही तुमच्या कृषी केंद्रवाल्याला मी खोटा म्हणणार नाही. त्याने अर्धं खरं सांगितलं आहे, आणि शेतकरी बुडतो तो बहुतेक वेळा अशा अर्ध्या खऱ्यानेच. म्हणून जरा बैजवार लिहितो.

सूत्रकृमी, म्हणजे मुळांत गाठी करणारे हेच निमॅटोड, अमोनियाने मरतात, ही गोष्ट खरी आहे. युरिया ओल्या मातीत पडला की मातीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळे तो फुटतो आणि अमोनियम तयार होतं. आपल्याकडच्या उकाड्यात हे काम दोन-चार दिवसांत होतं. या अमोनियमचा काही भाग मोकळ्या अमोनिया वायूच्या रूपात राहतो, आणि सूत्रकृमीला मारतो तो हा मोकळा अमोनिया. अमोनियम नाही. नायट्रेट तर त्याहून नाही, त्यामुळे कॅल्शियम नायट्रेट किंवा १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) देऊन सूत्रकृमी मरतील ही आशा सोडा. किती भाग मोकळा राहील हे मातीच्या सामूवर (पीएचवर) ठरतं. सामू ७ असेल तर शंभर भागांत जेमतेम अर्धा भाग (अर्धा टक्का) अमोनिया, ८ असेल तर पाचेक भाग, ९ असेल तर छत्तीसच्या आसपास. नागपूरकडच्या काळ्या मातीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ, त्यात चुनखडी. म्हणजे कागदावर आपली माती या कामाला फार चांगली दिसते.

आता हिशेब करू या, कारण घोडं इथेच पेंड खातं. गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर युरियाचे जे प्रयोग झाले, त्यांत परिणाम दिसायला एक किलो मातीत सुमारे ३०० मिलिग्रॅम नत्र (नायट्रोजन) लागलं. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती धरली तर ती जवळपास ८ लाख किलो भरते. म्हणजे २४० किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा ५२० किलो युरिया. ४५ किलोची बॅग धरली तर साडेअकरा बॅगा. एका एकराला, एका दमात. संकरित टोमॅटोची नत्राची शिफारस हेक्टरी ३०० किलो, म्हणजे एकरी १२० किलो, आणि तीही पूर्ण हंगामात विभागून द्यायची. सूत्रकृमी मारायला त्याच्या दुप्पट नत्र एकाच वेळी लागेल. तेवढ्यात सूत्रकृमी मरोत न मरोत, टोमॅटो नक्की मरतो. त्याच प्रयोगांत हेही दिसलं होतं, की एवढ्या मात्रेत झाडं होरपळतात, आणि होरपळ कमी करायची तर युरियासोबत काकवीसारखं कर्बयुक्त काहीतरी घालावं लागतं, म्हणजे जिवाणू जास्तीचं नत्र खाऊन टाकतात.

तुम्हाला सांगितलेल्या दोन बॅगा म्हणजे ४१ किलो नत्र. सगळ्या मातीत पसरलं तर किलोला ५० मिलिग्रॅमच्या आसपास, लागणाऱ्या मात्रेचा सहावा हिस्सा. पण ड्रिपमधून ते पसरत नाही. ड्रिपरखाली मातीचा जो पट्टा भिजतो, तो वावराचा तिसरा हिस्सा धरा. म्हणजे सगळा युरिया त्या पट्ट्यात, आणि तिथे मात्रा दीडशेच्या घरात. मुळ्या कुठे आहेत? त्याच पट्ट्यात. सूत्रकृमी मात्र पट्ट्याच्या बाहेर, ३०-४० सेंटिमीटर खोल आणि गाठीच्या आत, सगळीकडे आहेत. थोडक्यात, औषध पोचतं तिथे झाड आहे आणि शत्रू बराचसा पोचत नाही तिथे आहे. अमोनियम सल्फेटचं गणित याहून पातळ. त्यात नत्र फक्त २०.५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या गोणीत १० किलो.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. असे बरेच प्रयोग कुंड्यांत आणि हलक्या, वाळूमिश्रित मातीत होतात. आपली काळी माती म्हणजे चिकणमातीचा साठा. तिचे कण अमोनियमला धरून ठेवतात. पाण्यात मोकळं राहणारं अमोनियम त्यामुळे कमी पडतं, आणि मोकळंच नसेल तर अमोनिया होणार कुठून? सामू आपल्या बाजूने आहे, चिकणमाती विरुद्ध बाजूने. कन्हान नदीच्या काठच्या रेताड जमिनीत तोच युरिया जास्त चालेल, पण तिथे सूत्रकृमींचाही जोर जास्त, कारण त्यांना हिंडाफिरायला कणांमधली पोकळी लागते. भारी काळ्या मातीत ते कमी असतात, पण नसतात असं नाही. ओळींच्या खालच्या टोकाला पाणी साचतं, तिथे पाण्यासोबत वाहून आलेली माती जमते. तुमची आजारी झाडं उताराकडेच का, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

नीमकोटेड युरियाबद्दलही लोक विचारतात, ‘कडुनिंब आहे ना त्यात?’ आहे, पण दाण्यावर चाटून गेल्याइतका. २०१५ पासून देशात शेतीसाठी मिळणारा दाणेदार युरिया जवळजवळ सगळा नीमकोटेडच असतो. त्याने सूत्रकृमी गेले असते तर आतापर्यंत महाराष्ट्रात एकही गाठ दिसली नसती. लेपाचं काम वेगळं आहे. नत्र हळूहळू सुटावं, वाया कमी जावं, एवढंच.

माझी स्वतःची चूकही सांगतो. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, हिंगण्याकडे एका वांग्याच्या प्लॉटवर. पुस्तकात अमोनियाचं वाचलेलं ताजं होतं. शेतकऱ्याला मी नेहमीच्या दुप्पट युरिया सरीत टाकून भरपूर पाणी द्यायला सांगितलं. चौथ्या दिवशी गेलो तर पानांच्या कडा जळून कागदासारख्या वाजत होत्या. सरीतली माती हातात घेतली तर डोळ्यांना झोंबत होती, म्हणजे अमोनिया झाला होता, भरपूर झाला होता. दोन झाडं उपटली. बारीक पांढरी केसमुळं सगळी तपकिरी. गाठी मात्र जशाच्या तशा. एक जाड गाठ ब्लेडने चिरली तर आतून मोत्याच्या बारीक कणासारखी पांढरी मादी निघाली, धडधाकट. त्या शेतकऱ्याची आई धुऱ्यावर (बांधावर) उभी होती. ती एवढंच म्हणाली, ‘साहेब, किड्याले का झालं नाही, झाडाले झालं.’ तेव्हापासून मी कोणालाही उभ्या पिकात हे सांगत नाही.

त्या मादीकडे जरा जवळून पाहिलं की बाकीचं आपोआप कळतं. मातीत फिरते ती दुसऱ्या अवस्थेतली पिल्ली, लांबी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ती मुळीच्या टोकातून आत शिरते आणि एका जागी बसते. तिच्या लाळेमुळे आजूबाजूच्या पेशी फुगून राक्षसी होतात, आणि झाडाचं अन्न त्या पेशींतून तिला मिळत राहतं. आपण पाहतो ती गाठ म्हणजे हे तिचं घर. आत राहून ती नासपतीच्या आकाराची होते आणि मुळीच्या बाहेर चिकट जेलीच्या पिशवीत दोनशे ते पाचशे अंडी घालते. २५ ते २८ अंश तापमानाला पूर्ण चक्र महिनाभरात उरकतं. म्हणजे पाच महिन्यांच्या टोमॅटोत चार-पाच पिढ्या. ही जेलीची पिशवी पाण्याने, मिठाने आणि खताने सहज बिघडत नाही. मातीत क्षार वाढले तर अंडी उबायची थांबतात, मरत नाहीत. दोन पाण्याने क्षार खाली गेले की पुन्हा उबतात. खताने काम झालं असं वाटून लोक फसतात ते बऱ्याचदा इथे.

फसायला आणखी एक जागा आहे. सूत्रकृमी लागलेलं झाड उपाशी असतं, कारण मुळ्या फुगून वाहतूक अडलेली असते. अशा झाडाला खत दिलं की ते आठ दिवसांत हिरवंगार दिसतं, नव्या मुळ्या फुटतात. शेतकरी खूश, दुकानदारही खूश. पण नव्या मुळ्या म्हणजे नव्या पिल्लांना नवं ताट. हंगामाच्या शेवटी त्याच वावरात आधीपेक्षा जास्त अंडी पडलेली असतात, आणि त्याचं बिल पुढच्या पिकाला येतं. खताने झाडाची सहनशक्ती वाढते, हे मी नाकारत नाही. ती वाढवायलाच हवी. पण सहन करणं आणि मारणं हे दोन वेगळे धंदे आहेत.

मग तुमच्या दीड एकराचं आता काय करायचं?

पहिलं, ही खात्री करा की गाठी सूत्रकृमींच्याच आहेत. टोमॅटोत शंका कमी असते. चवळी, हरभरा, तुरीत मात्र लोक नत्राच्या गाठींनाच घाबरतात. नत्राची गाठ मुळीच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने अलगद निघते, फोडली तर आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळीच फुगलेली. ती निघत नाही, मुळी तुटते. आणि झाड ओढून उपटू नका. ओढलं की बारीक मुळ्या मातीत राहतात आणि खरा पुरावा तिथेच जातो. कुदळीने बाजूने खणून मातीसकट काढा, बादलीत भिजवा आणि मग धुवा.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर एक चूक करू नका, जी दहातले सात जण करतात. माती परीक्षणाची माती आपण सावलीत सुकवून देतो. सूत्रकृमींसाठी माती सुकवली की संपलं, आत तपासायला काही जिवंत उरत नाही. दहा-पंधरा ठिकाणची १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरची, मुळांजवळची माती एकत्र करा. त्यातली अर्धा किलो माती आणि मूठभर मुळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, उन्हात ठेवू नका, गाडीच्या डिक्कीत तर मुळीच नको. त्याच दिवशी पोचवा. नागपूरला महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात आधी चौकशी करून जा. नाही तर अकोल्याला कृषी विद्यापीठात. तेवढंही जमत नसेल तर घरी करता येतं. शंका असलेली माती एका कुंडीत, धुऱ्यापासून दूरची चांगली माती दुसऱ्या कुंडीत, दोन्हींत काकडीचे चार-चार दाणे. महिनाभराने मुळ्या धुऊन शेजारी शेजारी ठेवा. काकडी खोटं बोलत नाही.

दुसरं, ज्या झाडांची मुळं अर्ध्याहून जास्त गेली आहेत त्यांच्यावर खर्च करू नका. बाकीची झाडं जगवायची. जगवायचं म्हणजे कमी कमी आणि वारंवार. फुगलेली मुळी एका वेळी जास्त पाणी उचलू शकत नाही, म्हणून ड्रिप रोज, आणि जमलं तर तेवढंच पाणी सकाळ-दुपार दोन भागांत विभागून. खतही तसंच. आता फुलं-फळं लागायची वेळ आहे, तेव्हा पालाश (पोटॅश) कमी पडू देऊ नका. पालाशाच्या कमतरतेने कमजोर झालेल्या झाडाला सूत्रकृमी जास्त त्रास देतात. १३:०:४५ तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडा, पण एका वेळी एकरी तीन-चार किलोच्या वर नको. मधून कॅल्शियम नायट्रेट चालेल, पण ते सल्फेट किंवा फॉस्फेटच्या टाकीत मिसळू नका, तळाला चुन्यासारखा गाळ बसेल आणि ड्रिपरची तोंडं बंद. मुळांनी अन्न उचलणं कमी केलं आहे, तर थोडं पानांवरून द्या: १९:१९:१९ किंवा १३:०:४५, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. मॅग्नेशियम, सिलिकॉन, सूक्ष्म अन्नद्रव्यं यांची कमतरता दिसत असेल तर जरूर भरून काढा. सूत्रकृमींसाठी म्हणून पैसे घालू नका.

टोमॅटोची एक जमेची बाजू आहे. त्याच्या खोडाला माती लागली की तिथून नवी मुळं फुटतात. मल्चिंगच्या भोकात खोडाभोवती चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत आणि माती यांची दोन ओंजळींची भर घाला, त्यात मूठभर निंबोळी ढेप (पेंड). त्याच भरीत पर्प्युरिओसिलियम लिलासिनम ही बुरशी मिसळता येते. ती सूत्रकृमींच्या अंड्यांवर जगते. पाकीट घेताना तारीख बघा. जुन्या, उन्हात पडलेल्या पाकिटात पांढऱ्या भुकटीशिवाय काही नसतं. ही भर काही चमत्कार करत नाही, पण दीड-दोन महिने तोडे मिळवून देते, आणि तुम्हाला तेवढंच हवं आहे.

औषधाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण दुकानात अजूनही ‘फोरेट आहे का’ असं विचारणारे भेटतात. फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणी जुनी पुडी काढून दिली तर घेऊ नका, आणि भाजीत तर अजिबात नको. फ्लुओपायरम आणि फ्लुएन्सल्फोन ही नवी नेमकी औषधं आहेत, पण त्यांचा खरा उपयोग लावणीच्या वेळी. ती महागही आहेत. वापरायचीच असतील तर लेबलवर टोमॅटो लिहिलं आहे का आणि शेवटच्या वापरानंतर तोडणीला किती दिवस थांबायचं, हे वाचूनच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण खताने सूत्रकृमी मारायचेच असतील तर त्याची एक जागा आहे, आणि नागपूरकराजवळ ती इतरांपेक्षा जास्त चांगली आहे: रिकामं वावर आणि मे महिना.

रिकाम्या वावरात होरपळायला झाड नसतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर. बारीक पारदर्शक पॉलिथिन, २५ मायक्रॉनचं, ओल्या मातीवर घट्ट ताणून चारही कडा मातीत गाडा. पाच-सहा आठवडे तसंच राहू द्या, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापाचे नऊ दिवस, त्यात आलाच पाहिजे. काळं मल्चिंग पेपर चालत नाही; ते स्वतः तापतं, माती तापू देत नाही. माती ओली हवी, कारण ओलीतून उष्णता खोल जाते आणि ओलीत सूत्रकृमी जागे असतात. कोरड्यात ते अंग आखडून बसतात आणि उष्णता सोसतात. कडा मोकळ्या राहिल्या आणि वारा शिरला तर मेहनत गेली.

या कागदाखाली थोडा युरिया आणि ढेप घातली तर अमोनिया उडून न जाता कागदाखालीच कोंडतो, आणि उष्णतेने आधीच अशक्त झालेल्या सूत्रकृमींना कमी अमोनियाही पुरतो. अमोनियम खत किंवा कोंबडी खत घालून माती तापवण्याचे प्रयोग परदेशांत झाले आहेत आणि नुसत्या तापवण्यापेक्षा ते उजवे ठरले आहेत. मी पूर्ण वावरात हे करायला सांगत नाही, खर्च परवडत नाही. रोपवाटिकेत मात्र दरवर्षी करा. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला मी १५० ग्रॅम युरिया आणि एक किलो निंबोळी ढेप मातीत मिसळतो, पाणी देतो आणि त्याच दिवशी कागद ताणतो. पूर्ण मारक मात्रा या वाफ्याला ३८० ग्रॅम निघेल. मी मुद्दाम तेवढी देत नाही, उरलेलं काम ऊन करतं. सहा आठवड्यांनी कागद काढला की माती हलवून दोन आठवडे मोकळी सोडायची, एक-दोन हलकी पाणी द्यायची. मग बी टाकण्याआधी वाफ्याच्या कोपऱ्यात मेथी फेका. पाच-सहा दिवसांत मेथी उगवली आणि तिच्या पानांच्या कडा जळल्या नाहीत, तर वाफा तयार. मेथी नीट नाही आली तर अजून आठवडा थांबा. घाई केली तर हिंगण्याच्या वांग्यासारखं होईल.

मोठ्या वावरात फक्त आजारी ठिकाणी. म्हणूनच आता सांगतो: फेब्रुवारीत पीक काढताना प्रत्येक झाडाची मुळी बघा आणि जिथे गाठी आहेत तिथे काठी रोवा. उन्हाळ्यात त्या काठ्यांच्या घेऱ्यातल्याच वाफ्यांवर कागद ताणा. बाकी वावर खोल नांगरून तापू द्या, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा उलटवा. काळ्या जमिनीला भेगा पडतात त्याही थोडं काम करतात, पण फक्त भेगांवर विसंबू नका.

कॅल्शियम सायनामाइड नावाचं एक खत आहे, २० टक्क्यांच्या आसपास नत्राचं. जपान आणि युरोपात ते सूत्रकृमी, बुरशी आणि तणाच्या बियांवर लावणीआधी वापरतात. त्यातून मातीत सायनामाइड निघतं, ते विषारी असतं, आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचं नत्र होतं. खनिज खताने सूत्रकृमी मारणं या शब्दांना खऱ्या अर्थाने पात्र असं हे एकच खत मला माहीत आहे. आपल्या कृषी केंद्रात मी ते पाहिलेलं नाही. कोणी कुठून आणून दिलं तर एक लक्षात ठेवा, ते हाताळल्यावर दारू प्यायली तर शरीराची वाईट प्रतिक्रिया होते. गंमत नाही, खरंच होते.

पुढच्या पिकाबद्दल. तुमच्या या वावरात आधी भेंडी होती, मग उन्हाळी काकडी, मग हा टोमॅटो. म्हणजे सूत्रकृमींना तुम्ही पाहुणचारात कमी ठेवलं नाही. भेंडी आणि काकडी ही दोन पिकं तर त्यांची सर्वांत लाडकी. येत्या पावसाळ्यात त्या वावरात झेंडू लावा. पण लावायचा तर पूर्ण पीक म्हणून, दाट. धुऱ्यावर चार झाडं लावून काही होत नाही, कारण झेंडूची मुळं जिथे पोचतात तिथेच त्याचा परिणाम होतो. दोन-तीन महिने जमिनीत राहिला पाहिजे आणि त्यात तण राहता कामा नये, कारण घोळ, काकमाची अशी तणंच सूत्रकृमींना पोसत राहतात. जुलैत लावला तर दसऱ्याला फुलं हातात. दसऱ्याच्या आठवड्यात नागपूरच्या बाजारात झेंडूला काय भाव येतो हे मी तुम्हाला सांगायला नको. झेंडू नको असेल तर ज्वारी किंवा तीळ. चवळी, तूर, सोयाबीन मात्र यजमान आहेत, त्यांना पालटाचं पीक समजू नका.

वाण म्हणून हिसार ललितसारखा सूत्रकृमी-प्रतिकारक टोमॅटो आहे, आणि काही संकरित वाणांतही प्रतिकारक जनुक असतो. पण टोमॅटोतला हा नेहमीचा जनुक मातीचं तापमान २८ अंशांवर गेलं की ढिला पडतो. म्हणजे रब्बीत तो तुम्हाला साथ देईल, उन्हाळी लावणीत त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

तुमच्या वावरात हे आलं कुठून, हेही तपासा. सूत्रकृमी स्वतःच्या पायाने, म्हणजे बिनपायाने, वर्षभरात मीटरभरही जात नाहीत. ते येतात रोपाच्या मुळीतून, पाण्यातून आणि अवजारांच्या मातीतून. रोपं मातीच्या वाफ्यातून घेतली असतील तर पहिला संशय तिथेच. कोकोपीटच्या ट्रेमधलं रोप घ्या आणि घेताना दहा रोपं बादलीत धुऊन मुळी बघा. नर्सरीवाला नाराज झाला तर होऊ द्या. भाड्याचा रोटाव्हेटर दुसऱ्याच्या वावरातून थेट तुमच्या वावरात येत असेल तर धुऱ्यावर थांबवून पाण्याने धुवायला लावा. ड्रायव्हर कुरकुर करतो. त्याला चहा पाजा, पण धुवायला लावा.

युरियाच्या त्या दोन बॅगा घेऊन ठेवल्या असतील तर परत करू नका, लागतील. पण लहान मात्रेत आणि गरजेपुरत्या. आपल्या गावांत पिण्याच्या विहिरीही वावरातच असतात. जास्तीचं नत्र नायट्रेट होऊन खाली उतरतं, आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. घरात लहान मूल असेल तर विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्या.

फेब्रुवारीत शेवटचा तोडा झाला की झाडं तशीच उभी ठेवू नका. बाजारभाव पडला म्हणून लोक वावर महिनाभर सोडून देतात, आणि तेवढ्यात आणखी एक पिढी निघते. झाडं मुळांसकट काढा, गाठी असलेली मुळं कडक उन्हात पसरून वाळवा आणि जाळा. शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, नालीत तर नकोच. आणि काढताना दहा झाडांच्या मुळ्या धुऊन पांढऱ्या पोत्यावर ओळीने ठेवा. वरच्या अंगाची पाच, उताराकडची पाच. त्यांचा एक फोटो काढून माझ्याकडे पाठवा. काठ्या कुठे रोवायच्या आणि किती वाफ्यांवर कागद लागेल, ते त्यावरून ठरवू.